टपालवाल्याने पत्र वाचावे का?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची गोष्ट. अमेरिकेतील कॅन्सस सिटी या शहरात आल्मन स्ट्रॉजर नावाचे एक गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करून देण्याचा व्यवसाय करीत. त्या काळी टेलिफोन जोडून देण्याचे काम केंद्रात बसलेली माणसे हाताने करीत. ग्राहकाने फोन उचलायचा, कोणाशी बोलायचे ते सांगायचे, आणि ऑपरेटरने योग्य त्या भोकात तार खुपसायची. स्ट्रॉजर यांचा धंदा हळूहळू बसू लागला. केंद्रातील ऑपरेटर बाई त्यांच्या एका प्रतिस्पर्ध्याच्या घरची होती आणि त्यांच्यासाठी आलेले फोन ती परस्पर तिकडे जोडून देत असे, असा त्यांना संशय आला, असे सांगतात. भांडत बसण्याऐवजी त्यांनी मधल्या माणसालाच काढून टाकायचे ठरवले. माणसाच्या मदतीशिवाय फोन जोडणाऱ्या यंत्राचे पेटंट त्यांना १८९१ मध्ये मिळाले. १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी त्यावर चालणारे पहिले स्वयंचलित केंद्र सुरू झाले. आपल्याकडेही स्ट्रॉजर पद्धतीची केंद्रे अनेक दशके चालत होती. तबकडी फिरवून फोन लावल्याचे ज्यांना आठवते, त्यांनी या गृहस्थांच्या रागाचे फळ चाखले आहे!

स्ट्रॉजर यांचा युक्तिवाद सोपा होता. यंत्राला नातीगोती नसतात. जो आकडा फिरवला, तिथेच ते फोन जोडणार.

पण यंत्राला नातीगोती शिकवता आली तर? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इंटरनेटच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न उभा राहिला. त्याला नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजे जाळ्याची तटस्थता, असे म्हणतात. ‘नेटवर्क न्यूट्रॅलिटी’ हा शब्दप्रयोग कायद्याचे अमेरिकी अभ्यासक टिम वू यांनी २००३ मध्ये रूढ केला. प्रश्न कायद्याचा वाटला, तरी त्याचे मूळ इंटरनेटच्या रचनेत आहे. म्हणून आधी ती रचना पाहू.

टपालाचा धडा

भारतात १८५४ पूर्वी पत्राचे शुल्क अंतरावर अवलंबून असे. त्या वर्षी देशभर एकच दर लागू झाला. हलक्या पत्राला अर्धा आणा. मग ते शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याहून मुंबईला. वजन वाढले तर दर वाढे. पत्र लग्नाचे आहे, उधारीचे आहे की भांडणाचे, याच्याशी टपालखात्याला कर्तव्य नव्हते.

‘सर्वांना सारखे’ याचा अर्थ सर्व पत्रे एकाच वेगाने जातात असा मात्र नाही. ज्याला घाई असेल त्याने जास्त पैसे भरून स्पीड पोस्टने पाठवावे. वर्तमानपत्रांनाही टपालदरात सवलत असते. पण ती नोंदणी केलेल्या प्रत्येक वर्तमानपत्राला मिळते. एका मालकाच्या पत्राला मिळाली आणि दुसऱ्याच्या पत्राला नाकारली, असे होत नाही. जलद टपालाचा निर्णय पाठवणारा घेतो आणि सवलतीचा नियम सर्वांसाठी जाहीर असतो. टपालवाला आपल्या मर्जीने काही ठरवत नाही. हा फरक नीट ध्यानात ठेवावा, कारण पुढील सारा वाद त्याभोवतीच फिरतो.

पाकिटांचे जाळे

इंटरनेटवरून आपण एखादे छायाचित्र पाठवतो तेव्हा ते अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे केले जातात. अशा प्रत्येक तुकड्याला इंग्रजीत पॅकेट म्हणतात. मराठीत त्याला पाकीट म्हणणेच सोयीचे, कारण ते खरोखरच टपालाच्या पाकिटासारखे असते. बाहेर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, तुकड्याचा क्रमांक, आणि आत मजकूर. एका पाकिटात साधारणपणे १५०० बाइट मावतात. त्यांपैकी निदान ४० बाइट पत्ता व इतर नोंदींसाठी खर्च होतात. मजकुराला उरतात सुमारे १४६०. आपले छायाचित्र ३० लाख बाइटचे असेल, तर त्याची दोन हजारांहून थोडी अधिक पाकिटे होतात. विद्यार्थ्यांना हा भागाकार जरूर करायला द्यावा.

ही पाकिटे वाटेतील राउटर नावाच्या संगणकांकडे जातात. राउटर म्हणजे जणू टपालाचे वर्गीकरण केंद्र. तो पत्ता वाचतो आणि पाकीट पुढच्या योग्य दिशेला ढकलतो. सर्व पाकिटे एकाच वाटेने जातील याची खात्री नसते, क्रमाने पोचतील याचीही नाही. गर्दी झाली तर काही पाकिटे चक्क टाकून दिली जातात! मग छायाचित्र पूर्ण कसे पोचते? ती जबाबदारी दोन टोकांच्या संगणकांची असते. घेणारा संगणक क्रमांक तपासतो, पोच देतो. पोच न आलेले पाकीट पाठवणारा संगणक पुन्हा पाठवतो. सारी हुशारी टोकांना आणि मधला मार्ग साधाभोळा, अशी ही मांडणी आहे. तिच्यामागचे तत्त्व एम.आय.टी.तील सॉल्टझर, रीड व क्लार्क यांनी १९८१ मध्ये एका निबंधात सुस्पष्ट मांडले.

साधेपणाचा एक मोठा फायदा झाला. मधल्या जाळ्याला आपण काय वाहून नेतो हे ठाऊकच नसल्याने, नवे काही सुरू करताना त्याची परवानगी घ्यावी लागत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत असताना वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली. ती प्रत्यक्षात आणण्यासाठी कोणत्याही टेलिफोन कंपनीच्या दारात त्यांना जावे लागले नाही. वेबची पाने जुन्याच पाकिटांत भरून जुन्याच मार्गांनी जाऊ लागली. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले. पुढे महाराष्ट्रातील कितीतरी जिल्हा परिषद शिक्षकांनी आपापली संकेतस्थळे आणि चित्रफिती तयार केल्या, त्या याच मोकळेपणाच्या जोरावर. शिक्षकाचे पान आणि बलाढ्य कंपनीचे पान, दोन्हींची पाकिटे वाटेत सारखीच.

मधला आत डोकावू लागतो

सुरुवातीच्या राउटरना पाकिटात डोकावायला सवडच नव्हती. संगणक वेगवान झाले तशी पाकीट जाता जाता त्यातला मजकूर तपासणारी यंत्रे बाजारात आली. मजकूर कूटबद्ध केला, म्हणजे सांकेतिक लिपीत बदलला, तर तो वाचता येत नाही हे खरे. पण पाकीट कोठे चालले आहे, किती मोठे आहे आणि किती वेळाने दुसरे येते, एवढ्यावरूनही पुष्कळ अंदाज बांधता येतो. घराबाहेर थांबलेल्या सायकलीवरून पाहुणा कोण ते शेजारी ओळखतात, तसेच हे.

२००७ मध्ये अमेरिकेतील कॉमकास्ट या मोठ्या इंटरनेट-पुरवठादाराचे प्रकरण गाजले. ओरेगॉन राज्यातील एका तंत्रज्ञाला जुन्या गाण्यांची ध्वनिमुद्रणे इतरांना द्यायची होती. त्यासाठी तो बिटटोरंट ही पद्धत वापरत होता. तीत एकाच फाइलचे तुकडे अनेक लोक परस्परांना पुरवतात. त्याची जोडणी मात्र पुन्हा पुन्हा तुटत होती. ये-जा करणारी पाकिटे त्याने तपासली तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. ‘आता संवाद थांबवा’ अशा अर्थाची पाकिटे दोन्ही बाजूंना येत होती, पण ती दोघांपैकी कोणीच पाठवलेली नव्हती! मधल्या कंपनीची यंत्रे ती तयार करीत होती आणि त्यांवर समोरच्याचा पत्ता घालीत होती. दोघे फोनवर बोलत असताना तिसऱ्याने एकाचा आवाज काढून ‘बरं, ठेवतो’ म्हणावे, तसा हा प्रकार. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनेही त्याच वर्षी स्वतः चाचण्या घेतल्या. त्यांनी पाठवायला निवडलेला मजकूर होता बायबलचा. तोही अडला.

कंपनीचे म्हणणे होते की गर्दी आवरण्यासाठी हे करावे लागते. अमेरिकेच्या संचार आयोगाने २००८ मध्ये ही कृती अयोग्य ठरवली. पण आयोगाला तसा अधिकारच नाही, असे म्हणून न्यायालयाने २०१० मध्ये तो आदेश रद्द केला. पुढील पंधरा वर्षे तेथे नियम येत-जात राहिले. २०१५ मध्ये कडक नियम झाले, डिसेंबर २०१७ मध्ये ते मागे घेण्याचे ठरले, एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा आणले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने ते रद्द केले.

फुकटाचा भाव

भेद करण्याचा दुसरा मार्ग अधिक गोड आहे. कोणाचीही पाकिटे अडवायची नाहीत की रेंगाळू द्यायची नाहीत. फक्त काहींची पाकिटे फुकट न्यायची आणि बाकीच्यांना नेहमीचा दर लावायचा. भारतातील वाद मुख्यतः यावरच झाला.

वरवर पाहता फुकटात वाईट काय? एक उदाहरण सोडवू. समजा, १ गिगाबाइट डेटाला २०० रुपये पडतात. म्हणजे १ मेगाबाइटला २० पैसे. एका शिक्षिकेने विज्ञानाचा प्रयोग दाखवणारी ५० मेगाबाइटची चित्रफीत तयार केली. ती पाहायला विद्यार्थ्याला १० रुपये पडतील. तेवढीच एका मोठ्या कंपनीची चित्रफीत फुकट यादीत आहे. तिला शून्य रुपये. शिक्षिकेची चित्रफीत पाहू नका असे कोणी म्हटलेले नाही. तरीही ज्याच्या खिशात दहाच रुपये आहेत तो कोणती पाहील? आणि दोन-तीन वर्षांनी शिक्षिकेला नव्या चित्रफिती करण्याचा उत्साह उरेल का?

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या फोनसंभाषणांना वेगळा दर लावण्याचे जाहीर केले आणि टीका होताच तो बेत स्थगित केला. मार्च २०१५ मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, या विषयावर चर्चापत्र काढून लोकांची मते मागवली. एप्रिलमध्ये एअरटेलने ‘एअरटेल झीरो’ ही योजना आणली. तीत ग्राहकाचा डेटाखर्च अ‍ॅपची कंपनी भरणार होती. फ्लिपकार्ट त्यात सामील होण्याच्या बेतात होती. लोकांचा रोष पाहून तिने माघार घेतली. ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. एरवी अशा चर्चापत्रांना उत्तरे देतात ती कंपन्या आणि काही मोजके तज्ज्ञ. या वेळी महाविद्यालयीन मुलेमुलीही ‘टॅरिफ’ शब्दाचा अर्थ शोधू लागली!

दुसरी योजना फेसबुकची होती. इंटरनेट डॉट ऑर्ग या नावाने ती फेब्रुवारी २०१५ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या ग्राहकांसाठी भारतात आली; पुढे तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. ज्यांना डेटा परवडत नाही त्यांना हवामान, आरोग्य, बातम्या अशा निवडक सेवा आणि फेसबुक फुकट मिळणार होते. कंपनीचा युक्तिवाद असा, की काहीच नसण्यापेक्षा थोडे असणे बरे. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरात महिन्याच्या डेटाला पैसे नाहीत, तेथे तटस्थतेचे तत्त्व सांगून पोट भरत नाही.

पण आक्षेपही तितकाच वजनदार होता. जी सेवा यादीत यायची तिला त्या कंपनीच्या तांत्रिक अटी पाळाव्या लागणार आणि तिची पाकिटे त्या कंपनीच्या यंत्रांतून जाणार. नव्याने येणाऱ्या माणसाला जे दिसणार ते इंटरनेट नव्हे, त्याची एक खिडकी. २०१५ मध्ये इंडोनेशिया आणि नायजेरियात झालेल्या पाहण्यांत, आपण फेसबुक वापरतो पण इंटरनेट वापरत नाही, असे सांगणारे लोक आढळले होते. खिडकीलाच जग समजण्याचा धोका काल्पनिक नव्हता. मुंबईच्या आय.आय.टी.सह अनेक संस्थांतील प्राध्यापकांनी निवेदन काढून या योजनेला विरोध केला.

भारताने काय ठरवले?

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने नियम जाहीर केला. मजकूर काय आहे यावरून कोणत्याही सेवा-पुरवठादाराने डेटाला वेगवेगळे दर लावू नयेत. नियम मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. संकटकाळात तातडीच्या सेवांसाठी दर कमी करण्यास मुभा ठेवली. फेसबुकने त्याच महिन्यात फ्री बेसिक्स भारतातून मागे घेतली.

दर झाले, वेगाचे काय? त्यासंबंधीच्या शिफारशी ट्रायने नोव्हेंबर २०१७ मध्ये केल्या आणि जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने त्या स्वीकारल्या. कोणाची पाकिटे अडवणे, मंद करणे किंवा खास वाटेने पुढे काढणे यांस बंदी आली. मात्र गर्दीच्या वेळी योग्य प्रमाणात व पारदर्शकपणे व्यवस्थापन करण्यास हरकत नाही, असे म्हटले. दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या विशेष सेवांचाही अपवाद केला. युरोपीय संघाचा नियम २०१५ मध्येच आला होता. तेथील न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये निवडक सेवा फुकट देणाऱ्या योजना त्या नियमाविरुद्ध आहेत असा निकाल दिला.

मग गरिबांचे काय झाले? डिसेंबर २०१६ मध्ये ट्रायने ग्रामीण ग्राहकांना दरमहा १०० मेगाबाइट डेटा फुकट द्यावा आणि तो त्यांनी हवा तेथे वापरावा, अशी शिफारस केली. फुकट देण्याला विरोध नाही, निवड हिरावण्याला आहे, हा त्यातला अर्थ. प्रत्यक्षात बदल घडवला तो बाजारातील स्पर्धेने. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि डेटाचे दर झपाट्याने कोसळले. २०२० मध्ये टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरू लागल्या तेव्हा मोबाइल नसणे ही अडचण फार मोठी होती. पण ज्यांच्याकडे तो होता, त्यांना आपल्या बाईंची चित्रफीत आणि मोठ्या कंपनीची चित्रफीत एकाच दरात पाहता आली. वरच्या उदाहरणातील दहा रुपयांचा फरक तेथे नव्हता.

वाद संपलेला नाही

दूरसंचार कंपन्यांची एक तक्रार कायम आहे. तारा, मनोरे आणि ध्वनिलहरींची नव्हे, रेडिओलहरींची किंमत आम्ही मोजतो आणि त्यांवरून चित्रपट दाखवून पैसा मोठ्या कंपन्या मिळवतात. त्यांनी वाटा उचलावा. भारतातही त्यांच्या संघटनेने ही मागणी केली आहे. उलट बाजू म्हणते, ग्राहक डेटाचे पैसे भरतोच. चित्रपट त्याने मागितला म्हणून आला. एकाच पाकिटाचे तिकीट दोन्हीकडून का घ्यायचे? दक्षिण कोरियात पाठवणाऱ्याकडून शुल्क घेण्याची पद्धत पडली. ट्विच ही चित्रफितींची सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथून बाहेर पडली आणि जाळ्याचे चढे शुल्क हेच कारण तिने दिले.

आणखी एक मर्यादा विसरू नये. हे सारे नियम पाकीट वाहून नेणाऱ्याला लागू आहेत. पोचल्यावर आपल्यापुढे कोणती बातमी आधी ठेवायची, शोध घेताना कोणते पान वर दाखवायचे, हे ठरवणाऱ्या कंपन्यांना ते लागू नाहीत. रस्ता सर्वांना सारखा असला, तरी बाजारात दर्शनी जागा कोणाला मिळते हा प्रश्न उरतोच. टपालवाला प्रामाणिक आहे म्हणून आलेले प्रत्येक पत्र खरे ठरत नाही.

वर्गात करून पहा

साहित्य : जुनी पाकिटे दहा, कागदाचे तुकडे, एक लाल पेन्सिल.

एक लांब वाक्य दहा तुकड्यांत लिहा. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालून तो पाकिटात ठेवा. वर्गाच्या एका टोकाला पाठवणारा, दुसऱ्या टोकाला घेणारा आणि मध्ये बाकांच्या तीन रांगांत ‘राउटर’ बसवा. पाकिटे हव्या त्या रांगेतून पुढे जाऊ द्या.

१. पहिल्या फेरीत पाकिटे उघडी ठेवा. घेणाऱ्याने क्रमांकाप्रमाणे वाक्य जुळवावे.

२. दुसऱ्या फेरीत एका राउटरने दोन पाकिटे गुपचूप खाली टाकावीत. घेणाऱ्याने कोणते क्रमांक आले नाहीत ते कळवून ते पुन्हा मागवावेत.

३. तिसऱ्या फेरीत काही पाकिटांवर लाल खूण करा. एका राउटरने ती पाकिटे वीस आकडे मोजेपर्यंत धरून ठेवावीत. उशीर गर्दीमुळे झाला की मुद्दाम केला, हे दोन्ही टोकांना ओळखता येते का?

४. चौथ्या फेरीत एका राउटरने पाठवणाऱ्याच्या नावाने ‘आता पुरे’ अशी चिठ्ठी घेणाऱ्याला द्यावी. ही लबाडी उघडकीस कशी आणता येईल, याचा वर्गाने विचार करावा.

५. शेवटी पाकिटे चिकटवून बंद करा. आता राउटरला काय कळते आणि काय कळत नाही, याची यादी करा.

तिसरी फेरी झाल्यावर थोडे थांबावे. मुद्दाम केलेला उशीर पाकिटाकडे नुसते पाहून सिद्ध करणे किती अवघड असते, हे तेथे मुलांना कळते. नियम, मोजमाप आणि तपासणी करणारी तटस्थ संस्था या तिन्हींची गरज का पडते, हे त्यानंतर निराळे समजावून सांगावे लागत नाही. वरच्या वर्गांत याच खेळाला जोडून चर्चा घेता येईल. रुग्णवाहिकेला रस्ता देणे आणि ओळखीच्या माणसाच्या गाडीला रस्ता देणे यांत फरक कोणता? तो फरक कोणी ठरवावा, आणि ठरवणाऱ्यावर लक्ष कोणी ठेवावे?